बंद फाटकामागची शाळा: आमच्या शनिवारच्या सिनेमाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात आमच्या वाड्याच्या माडीवर दर शनिवारी संध्याकाळी पंधरा-वीस जण जमून सिनेमा बघतात. तिकीट नाही, वर्गणी नाही, चहा ज्याच्या मनात येईल तो टाकतो. या हिवाळ्यात आम्ही एकच विषय धरला आहे: बोर्डिंग शाळेत घडणारे रहस्यपट. विषय जाहीर झाल्यापासून फोनवर, बाड्यावर (इथला मुख्य चौक) भाजी घेताना, एकदा तर तेराव्याच्या पंगतीतही तेच तेच प्रश्न आले. म्हणून एकदाच लिहून टाकते. एखादं उत्तर अपुरं वाटलं तर त्यात दिलेल्या क्रमांकाचा प्रश्न बघा.

१. बोर्डिंग शाळेचा रहस्यपट म्हणजे नेमकं काय? शाळेत खून झाला की झालं का?

नाही. खून तर दिवसाच्या शाळेतही होऊ शकतो. संध्याकाळी पाच वाजता मुलं घरी जातात आणि आईला सगळं सांगून मोकळी होतात. इथे मुलांना घरीच जाता येत नाही. फाटकाची किल्ली मोठ्यांकडे, पत्रांची पेटी मोठ्यांकडे, जेवणाची घंटाही मोठ्यांच्याच हातात. आणि एक गोष्ट अशी असते जी सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोलत कुणीच नाही.

मी एक साधी कसोटी लावते. आपल्याकडे पूर्वी गरिबाघरचा मुलगा पुण्याला शिकायला गेला की वार लावून जेवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार सात घरं. त्यात अपमान असायचा, कधी शिळंही वाढलं जायचं, सगळं खरं. पण तो पोरगा एखाद्या बुधवारी जेवायला आला नाही तर बुधवारच्या घरातली बाई म्हणायची, "आज आला कसा नाही?" गुरुवारी आणखी एक घर तेच म्हणायचं. मूल दिसेनासं झालं तर किती घरांना कळेल, हा माझा प्रश्न. वाराच्या मुलाचं उत्तर सात. या सिनेमांतल्या शाळांत उत्तर एक असतं, आणि त्या एका माणसाचीच भीती असते.

२. भूत आहे का नाही, ते आधी सांगा.

बहुतेक ठिकाणी नाही. आणि जिथे आहे तिथे त्याला घाबरण्याचं कारण फारसं नसतं. गियेर्मो देल तोरो यांच्या २००१ च्या 'द डेव्हिल्स बॅकबोन'मध्ये भूत अगदी सुरुवातीलाच भेटतं, पण त्या इमारतीत जिवंत माणसांइतकं धोकादायक ते अजिबात नाही. ज्यांना फक्त भूत बघायचंय त्यांची निराशा होईल. ज्यांना भूत चालतच नाही त्यांनी त्या शनिवारी रजा घ्यावी. बाकीचे शनिवार सुरक्षित आहेत.

३. एकच बघायचा असेल तर कुठला?

हेन्री-जॉर्ज क्लुझो यांचा फ्रेंच सिनेमा, 'ले दियाबोलिक', १९५५.

पॅरिसजवळची एक कळकट, खासगी बोर्डिंग शाळा. पैसा बायकोचा, पण शाळा चालवतो नवरा, आणि चालवतो म्हणजे पै-पैसा वाचवत चालवतो. त्यातला जेवणाचा प्रसंग बघा. नासलेला मासा ताटात आलाय. बायकोला तो घशाखाली उतरत नाही. नवरा सगळ्या मुलांसमोर, सगळ्या मास्तरांसमोर तिला तो गिळायला लावतो. मारहाण नाही, आरडाओरडा नाही, हातात फक्त काटा-चमचा. मुलं बघतायत, मास्तर मान खाली घालून जेवतायत. या घटकेला आपल्याला कळतं की इथे खून होणार आणि आपण खुन्याच्या बाजूने असणार.

खून करायला निघतात दोघी: त्याची बायको आणि त्याच शाळेतली मास्तरीण, जी त्याची ठेवलेली बाई आहे. सवत आणि सवत एका कटात, ही कल्पना आपल्याकडच्या कुठल्याही आजीला पाच मिनिटांत पटते. प्रेत टाकायचं शाळेच्याच पोहण्याच्या हौदात, ज्यात पाण्यापेक्षा पाचोळा जास्त. पुढे हौद उपसतात आणि तळाशी प्रेत नसतं. यापुढे मी काही सांगणार नाही. कारण प्रश्न ५ मध्ये आहे.

एक गंमत आहे. हा सिनेमा ज्या कादंबरीवरून घेतला तिच्यात शाळाच नाही. बोआलो आणि नार्सजाक या जोडीची ती १९५२ ची कादंबरी; तिथे नायक फिरता विक्रेता आहे. शाळा क्लुझोंनी आणली. माझ्या मते सिनेमा मोठा झाला तो इथेच. फिरत्या विक्रेत्याच्या घरात दोन-तीन माणसांचं गुपित असतं. शाळेत तेच गुपित मुलांच्या डोळ्यांदेखत सांभाळावं लागतं.

४. पण तो ब्लॅक अँड व्हाइट आहे ना? आमची मुलं उठून जातील.

पहिल्या वीस मिनिटांत जाऊ शकतात. त्यानंतर गेली तर चहा माझ्याकडून. आणखी एक सांगते: सुरुवातीला-शेवटी नावांच्या पाट्या पडतात तेवढं सोडलं तर या सिनेमात पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. मालिकांत दर वाक्याला तीन दिशांनी कॅमेरा आणि ढँण असतं, त्याची सवय झालेल्या पोरांना ती शांतता आधी विचित्र वाटते. मग नळ गळल्याचा आवाज यायला लागतो.

५. शेवट आधी सांगाल का? मला ताण सहन होत नाही.

सर्वसाधारण उत्तर: नाही. 'ले दियाबोलिक' संपल्यावर पडद्यावर एक पाटी येते. तिच्यात प्रेक्षकांना विनंती आहे की तुम्ही काय पाहिलं ते मित्रांना सांगू नका, त्यांची मजा घालवण्याचा दुष्टपणा करू नका. सत्तर वर्षांपूर्वी एका फ्रेंच माणसाने हात जोडून सांगितलेलं लश्करातल्या माणसांनी पाळावं, एवढीच अपेक्षा. (आमच्यातले एक काका मध्यंतरात मोबाइलवर शेवट वाचतात आणि मग उरलेला सिनेमाभर अर्थपूर्ण हसत बसतात. त्यांना आता मागच्या रांगेत बसवतो.)

अपवाद: रक्तदाब, हृदयविकार असणाऱ्यांनी मला आदल्या दिवशी फोन करावा, मी किती वाजता काय येतं ते सांगेन. ही थट्टा नाही. या सिनेमात हृदयरोगी बायकोचं काम करणाऱ्या व्हेरा क्लुझो, म्हणजे दिग्दर्शकाच्याच पत्नी, पाच वर्षांनी १९६० मध्ये ४६ व्या वर्षी खरोखर हृदयविकारानेच गेल्या.

६. 'पिकनिक ॲट हँगिंग रॉक' ही खरी घटना आहे ना? यूट्यूबवर पाहिलं मी.

नाही. हा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न आहे, आणि उत्तर दिल्यावर लोक माझ्यावरच रागावतात.

१९०० सालच्या व्हॅलेंटाइन दिवशी ऑस्ट्रेलियातल्या एका मुलींच्या बोर्डिंग शाळेची सहल एका जुन्या ज्वालामुखी खडकावर जाते. काही मुली आणि एक शिक्षिका वर चढतात आणि परत येत नाहीत. जोन लिंडसे यांची ही १९६७ ची कादंबरी. सिनेमा पीटर विअर यांनी १९७५ मध्ये केला. खडक खरा आहे, व्हिक्टोरिया राज्यात आजही लोक तिथे जातात. शाळा आणि मुली काल्पनिक. घटना खरी की खोटी हे बाईंनी मुद्दाम धूसर ठेवलं, त्यामुळे अफवा पन्नास वर्षं जिवंत आहे. पडताळा हवा असेल तर पंचांग काढा: पुस्तकात तो दिवस शनिवार दिलाय. १४ फेब्रुवारी १९०० ला बुधवार होता.

७. मग त्या मुलींचं झालं काय? उत्तर न देणारा रहस्यपट म्हणजे फसवणूकच की.

यावर आमच्या माडीवर अडीच तास भांडण झालंय. निम्म्यांचं म्हणणं, इतका वेळ बसवून ठेवलं तर निदान कुणीतरी पकडलं जायला हवं. मी उरलेल्या निम्म्यांत आहे. सहलीनंतर शाळेचं काय होतं ते बघा. पालक मुली काढून घेतात, फी थकते, मुख्याध्यापिकेच्या केसांचा अंबाडा ढळायला लागतो, आणि ज्या अनाथ मुलीची फी येत नाही तिच्यावर सगळा राग निघतो. खडकाचं गूढ उकलत नाही, पण फाटकाच्या आत जे चाललं होतं ते पुरतं उघडं पडतं. मला तेवढं पुरतं.

ज्यांना पुरत नाही त्यांच्यासाठी: लिंडसेबाईंनी उत्तर लिहिलं होतं. अठरावं प्रकरण. छापताना संपादकांच्या सल्ल्याने ते गाळलं गेलं आणि बाई १९८४ मध्ये गेल्यानंतर, १९८७ मध्ये वेगळं प्रसिद्ध झालं. मी वाचलंय. वाचलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटतं, पण हे माझं मत. तुमचं तुम्ही ठरवा.

८. या शाळा नेहमी डोंगरावर, जंगलात, धुक्यातच का असतात?

कारण पळून जाणाऱ्या मुलाला चालावं लागलं पाहिजे. शाळेसमोरूनच टेंपो मिळाला तर गोष्ट पंधरा मिनिटांत संपेल.

ग्वाल्हेरकरांना तर हे समजावून सांगायलाच नको. मान वर केली की किल्ला दिसतो. मोगलांनी तो राजकैद्यांसाठी वापरला. किल्ल्यावरच्या मानमंदिर महालाखालच्या गोल खोल्या गाइड दाखवतो, शाळेच्या सहलीतली पोरं तिथे ओरडून आवाज घुमवतात. बर्निए हा फ्रेंच वैद्य तेव्हा औरंगजेबाच्या दरबारी वर्तुळात होता. त्याने लिहून ठेवलंय की इथल्या शाहजाद्यांना 'पोस्त' पाजत. खसखशीची बोंडं रात्रभर भिजवायची आणि ते पाणी सकाळी मोठा पेला भरून द्यायचं. ते प्यायल्याशिवाय खायला मिळायचं नाही. काही महिन्यांत माणूस वाळायचा, बुद्धी मंद व्हायची. औरंगजेबाचा भाऊ दारा शिकोह, त्याचा मुलगा सुलेमान शिकोह याला पकडून दरबारात आणलं तेव्हा तो म्हणाला, पोस्त देणार असाल तर आत्ताच मारून टाका. औरंगजेबाने शपथेवर सांगितलं, देणार नाही. मग त्याला ग्वाल्हेरला पाठवलं. तो इथेच, किल्ल्यावर मेला.

मला यात सर्वांत भयंकर वाटतो तो सकाळचा पेला. तलवार नाही, फास नाही. रोज ठरल्या वेळी येणारी एक दिनचर्या. चांगल्या बोर्डिंगपटात नेमकं हेच असतं: घंटा, रांग, ताट, पेला, आणि त्यात काहीतरी मिसळलेलं.

९. म्हणजे आपल्या किल्ल्यावरच्या शाळेवर कुठला सिनेमा निघालाय का? शेजारी सांगत होते.

शेजाऱ्यांना चहाला बोलवा आणि हा परिच्छेद वाचून दाखवा. किल्ल्यावरची शाळा १८९७ मध्ये तेव्हाचे महाराज माधवराव शिंदे यांच्या काळात सरदारांच्या मुलांसाठी सुरू झाली. 'सिंधिया स्कूल' हे नाव तिला १९३३ मध्ये मिळालं. आम्ही दाखवतो त्यातल्या एकाही सिनेमाचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. 'तिथला अमुक मजला कायम बंद असतो' छापाचे निरोप मला पाठवू नका. बंद मजला म्हणजे बहुतेक वेळा मोडकी बाकं असतात. प्रश्न ८ मधले कैदी मोगलांचे, शाळेचे नव्हेत, हेही कुणाला तरी स्पष्ट सांगावं लागलं म्हणून लिहिते.

१०. हिंदीत, मराठीत असं काही नाही का? सगळं बाहेरचंच?

२०२३ मध्ये हिंदीत दोन मालिका आल्या. 'अधूरा' उटीच्या शाळेत घडते, जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा आणि त्यामागची एक जुनी गोष्ट. ही भुताकडे झुकते. दुसरी 'स्कूल ऑफ लाइज', दिग्दर्शक अविनाश अरुण. हेच 'किल्ला' या मराठी सिनेमाचे दिग्दर्शक. बारा वर्षांचा शक्ती साळगावकर नावाचा मुलगा बोर्डिंगमधून नाहीसा होतो. साळगावकर! आडनाव ऐकल्यावर माडीवरच्या सगळ्या काकवा एकदम सावरून बसल्या. तोपर्यंत नाहीशी होणारी मुलं परक्यांची होती. (ही मालिका मुलांसोबत बघू नका, प्रश्न १५.)

मराठीत मात्र विहीर कोरडी. मराठीत शाळा खूप आहे, पण संध्याकाळी घरी जाणारी. वसतिगृहाची आठवण आली तरी ती खाणावळीच्या आमटीची आणि रूममेटच्या घोरण्याची, म्हणजे विनोदाकडे जाणारी. मला वाटतं प्रश्न १ मधली सात घरं अजून आपल्या डोक्यातून गेलेली नाहीत. परक्या गावात मूल एकटं पडतं, पण कुणाचं तरी लक्ष असतंच, असा आपला समज.

११. 'तारे जमीन पर' यात मोडतो का? त्यातही बोर्डिंग आहेच.

रहस्यपट नाही, पण त्यातलं एक दृश्य या यादीत मी हक्काने घालीन. बोर्डिंगला धाडणार हे कळल्यावर तो मुलगा वहीच्या कोपऱ्यांवर चित्रं काढतो. पानं भराभर उलटली की घरची माणसं एका बाजूला राहतात आणि छोटी आकृती हळूहळू दूर जाते. आईच्या हातात ती वही लागते. खून नाही, भूत नाही, फाटकही नाही. बंद शाळेची भीती याहून कमी सामानात मला दुसरीकडे दिसलेली नाही.

१२. अनाथाश्रम, नृत्यशाळा, कॉलेजचं हॉस्टेल: हे सगळं चालतं का?

प्रश्न १ ची कसोटी लावा.

अनाथाश्रम चालतो, किंबहुना जास्तच चालतो, कारण तिथे 'किती घरांना कळेल' याचं उत्तर शून्य आहे. 'द डेव्हिल्स बॅकबोन'मध्ये १९३९ सालचा स्पेनमधला अनाथाश्रम आहे, आणि अंगणाच्या मधोमध एक न फुटलेला बाँब नाकावर उभा आहे. मुलं त्याच्याभोवती खेळतात. नृत्यशाळाही चालते. दारिओ अर्जेंतो यांच्या १९७७ च्या 'सस्पिरिया'त बॅले शिकवणारी संस्था आहे. दिग्दर्शकाच्या मनात आधी अगदी लहान मुली होत्या. पुढे नट्या मोठ्या घ्याव्या लागल्या, तेव्हा त्यांनी दारांच्या मुठी उंच बसवल्या. मोठ्या मुली हात वर करून दार उघडतात आणि कारण न कळता आपल्याला त्या लहान वाटायला लागतात. हे सांगितल्यापासून आमचा गट सिनेमाभर फक्त मुठीच बघतो, त्यामुळे आता आधी सांगत नाही. तुम्ही वाचलंत, तुमचं नशीब.

कॉलेजचं हॉस्टेल चालत नाही. तिथली पोरं भिंत ओलांडून बेडई, म्हणजे डाळीची पुरी, खाऊन परत येतात.

शाळा बंद आहे, भयंकर आहे, पण रहस्य काहीच नाही, अशा सिनेमांचं काय, हे एका मुलाने विचारलं. उदाहरणार्थ झाँ विगो यांचा १९३३ चा 'झेरो द काँद्युइत', ज्यात मुलं उघड बंड करतात. फ्रान्सने तो युद्ध संपेपर्यंत दाबून ठेवला. तो रहस्यपट नाही, पण एका शनिवारी मध्येच दाखवू. सतत गुदमरल्यावर उशा फाडून पिसं उधळणारी पोरं बघायला बरी वाटतात.

१३. खलनायक शेवटी हेडमास्तरच निघतो. मग रहस्य कसलं?

ज्यात हेडमास्तरच निघतो ते सिनेमे सामान्य असतात, हे मान्य. चांगल्या सिनेमात मी हेडमास्तराकडे बघतच नाही. मी शोधते दुसरा माणूस, ज्याला ठाऊक होतं. फीच्या वहीत नाव खोडणारा कारकून, रिकाम्या खाटेवरची चादर बदलणारी मेट्रन, जेवणाच्या पंगतीत एक ताट कमी मांडणारा आचारी. त्याने काहीच केलेलं नसतं. पोलीस त्याला पकडत नाहीत. आणि घरी जाताना डोक्यात तोच राहतो.

१४. आता सगळ्यांकडे मोबाइल आहेत. अशी गोष्ट आजच्या काळात टिकते का?

दिग्दर्शकांनाही ही अडचण आहे, म्हणून बरेच जण गोष्ट १९०० मध्ये नाहीतर १९३९ मध्ये नेऊन ठेवतात. पण अडचण वाटते तेवढी मोठी नाही. फोन शिरताना जमा करून घेतात, रविवारी वीस मिनिटं देतात, आणि बोलताना कुणीतरी शेजारी उभं असतं. हातात यंत्र असलं तरी बोलता येतंच असं नाही.

मी स्वतः दीड वर्ष हॉस्टेलला होते, आठवी आणि अर्धी नववी. कुठलं ते सांगत नाही. आंतरदेशीय पत्र लिहून उघडंच द्यायचं, चिकटवायचं काम बाई करायच्या. म्हणजे वाचून. 'जेवण बरं नाही' लिहिलेलं पत्र परत यायचं, 'नीट अक्षरात पुन्हा लिही' असा शेरा मारून. त्या पावसाळ्यात आमच्या खोलीतली एक मुलगी चार दिवस तापाने फणफणत होती. तिला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं आणि घरी कळवलेलं नव्हतं, हे आम्हाला कामवाल्या मावशीकडून कळलं. मी पत्र लिहिलं. मजकूर अगदी गुळगुळीत: अभ्यास चालू आहे, पाऊस छान आहे. फक्त मायन्यात एरवीसारखं 'ती. सौ. आईस शि. सा. न. वि. वि.' (शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष) न लिहिता नुसतं 'आईस' लिहिलं, खाली 'कळावे' नाही, 'लोभ असावा' नाही. बाईंनी वाचलं, काही गैर दिसलं नाही, चिकटवलं.

आई सातवी शिकलेली. पत्र वाचून ती बाबांना म्हणाली, "हिने नमस्कार नाही लिहिलेला. काहीतरी झालंय, तुम्ही जाऊन या." बाबा दिवेलागणीला लाडवांचा डबा घेऊन फाटकाशी हजर. बाई म्हणाल्या, सगळं ठीक आहे. बाबा म्हणाले, मग दाखवा. त्या रात्री त्या मुलीच्या घरी तार गेली.

तेव्हा मोबाइल असता तर? बाईंनी तोही आधी वाचला असता. रहस्य यंत्रावर अवलंबून नसतं. न लिहिलेलं वाचणारं कुणी बाहेर आहे का, यावर असतं.

१५. मुलांना आणू का?

तेराच्या खालची नकोत. आम्ही बघतो त्यातले बरेच सिनेमे जुने आणि परदेशी, त्यांवर आपल्याकडचं वयाचं प्रमाणपत्र असतंच असं नाही. नव्या हिंदी-मराठी सिनेमांचं काम सोपं झालंय: २०२३ च्या कायदेदुरुस्तीनंतर 'यूए' चे तीन भाग आहेत, ७, १३ आणि १६ वर्षांवरचे, आणि ओटीटीवरही तसेच आकडे दिसतात. ते बघून ठरवा. पण आकडा सगळं सांगत नाही. प्रश्न १० मधली 'स्कूल ऑफ लाइज' लहान मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल आहे. मोठ्या मुलांनाही आधी विषय सांगून, शेजारी बसूनच दाखवा.

१६. जूनमध्ये मुलीला खरंच हॉस्टेलला ठेवायचंय. हे सिनेमे बघून ती बिचकेल का?

ती नाही बिचकणार. तुम्ही बिचकाल. ती 'सस्पिरिया' बघून विचारेल, तिथे बॅले शिकवतात का.

सिनेमा बाजूला ठेवून सांगते. बघायला जाल तेव्हा इमारत, लॉन, स्मार्ट क्लास बघण्यात वेळ घालवू नका. विचारा: मुलीला घरी फोन करता येतो तेव्हा शेजारी कुणी उभं असतं का? ती आजारी पडली तर तुम्हाला कोण आणि किती वेळात कळवतं? रात्री खोल्यांच्या किल्ल्या कुणाकडे? जी शाळा या प्रश्नांवर चिडत नाही ती बहुधा बरी. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. हे मुलीलाही माहीत असू द्या. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक तिच्याकडून पाठ करून घ्या, कंपासपेटीत लिहून देऊ नका. आणि दोघींत एक खूण ठरवा, जी ऐकणाऱ्याला कळणार नाही. माझी कुठली होती ते प्रश्न १४ मध्ये आहे. आता ती जगजाहीर झाली, तुम्ही दुसरी शोधा.

१७. आमच्या भाच्याला अशी शॉर्ट फिल्म करायची आहे. किल्ल्यावर शूटिंग करता येईल?

किल्ला संरक्षित स्मारक आहे, तिथे चित्रीकरणाला पुरातत्त्व खात्याची परवानगी आणि शुल्क लागतं. मुलं नट म्हणून घेणार असेल तर आणखी नियम: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. घरचीच चार पोरं आहेत म्हणून हे सोडू नकोस, असं भाच्याला सांगा.

माझा सल्ला विचाराल तर किल्ला टाळा. ड्रोनने घेतलेला किल्ला लग्नाच्या व्हिडिओतही असतो. एखाद्या मंगल कार्यालयाचा रिकामा जेवणाचा हॉल सकाळी दोन तास मिळवा. चाळीस स्टीलची ताटं, चाळीस पेले, एकच ट्यूबलाइट. एकेचाळिसावं ताट मांडायला गेलेल्या मुलाला कुणीतरी हलकेच सांगतं, "ते नको." झाली फिल्म सुरू.

१८. सबटायटल मराठीत असतात का?

नाही, हिंदी किंवा इंग्रजी. मी एका पानावर पात्रांची नावं आणि नाती मराठीत लिहून देते. फ्रेंच नावांचे उच्चार चुकले तर चुकू द्या.

१९. मला येता येत नाही. लिंक पाठवाल?

नाही. आम्ही विकत घेतलेल्या डिस्कवरून नाहीतर वर्गणी भरलेल्या ओटीटीवरून, घरच्या घरी बघतो. चोरीची लिंक मागू नका.

२०. उशीर झाला तर आत घेता का? आणि रात्री परतायचं कसं?

सव्वासातला सिनेमा सुरू, सातलाच दिंडी दरवाजा आतून लागतो, कारण खाली जोशीकाकू एकट्या असतात. उशीर झालाच तर कडी दोनदा वाजवा. तीनदा वाजवलीत तर काकू उघडत नाहीत. मागे एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाने तीनदा वाजवली होती, तेव्हापासून. परतताना बाड्यापर्यंत सगळे एकत्र चालतात, तिथून ऑटो मिळतो. डिसेंबरात धुकं असतं, कानटोपी आणा. किल्ली काकूंकडेच असते, आणि त्या साडेदहाला झोपतात.